अर्ध्या तासाची खुर्ची

मित्रांनो, मी ताठ पाठीची एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मला घडवताना सुतार हसून म्हणाला होता, "हिच्यावर पेंगेल त्याची मान अवघडेल!" त्यामुळे माझ्यावर हौसेनं कुणी बसलं नाही. वर्षानुवर्षं धुतलेले कपडे मात्र पडून असत. त्यांच्या ओलसर वासात मला जंगलाची स्वप्नं पडत.

मग घरातल्या आईंची तपासणी झाली. पाळी थांबून बरीच वर्षं झाली होती, हाडं ठिसूळ झाली होती. हार्मोनच्या गोळ्या या वयात नकोत, म्हणून डॉक्टरीणबाईंनी हाडांसाठी आठवड्याला एक गोळी दिली. उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची. नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, आडवंही व्हायचं नाही, नाहीतर छातीत जळजळतं. लेकीनं मला खिडकीपाशी आणलं आणि माझं नशीब उघडलं.

रविवारी सकाळी आई माझ्यावर बसत, लेक जमिनीवर. पडद्यातून ऊन पाझरायचं. वाटायचं, आम्ही तिघी संथ पाण्यावर तरंगत चाललो आहोत.

"चहा कधी मिळणार गं?"

"अर्धा तास, आई."

"तुझ्या जन्माच्या वेळीसुद्धा एवढं ताटकळले नव्हते मी!"

पुढे लेकीची बदली झाली. ती फोनवर विचारी, "गोळी घेतलीस?" आई म्हणत, "घेतली की." घेतही असत. पण एकटीनं किती वेळ ताठ बसणार? लगेच पलंगावर कलंडत. छातीत जळजळू लागलं. लेकीला घोर नको म्हणून त्या बोलल्या नाहीत. गोळी गिळायची सोडून ती कुंडीतल्या गुलाबाच्या मुळाशी पुरू लागल्या. "घे बाबा, तुझी तरी हाडं मजबूत होऊ देत," असं त्याला सांगत.

एकदा मोरीपाशी पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा कुठे आईंनी सगळं सांगितलं.

"अहो, जळजळ होते एवढं सांगायचंत," डॉक्टरीणबाई हळहळल्या. "इंजेक्शन देता आलं असतं."

"पोरीच्या जिवाला घोर लागला असता ना," आई म्हणाल्या.

त्या अंथरुणातून पुन्हा उठल्या नाहीत.

आता कधीकधी लेक माझ्यावर येऊन बसते. ऊन तिच्या पावलांवरून सरकत भिंतीवर चढतं. तिला उठायची घाई नसते, मलाही नसते.

मित्रांनो, एखादं औषध झेपत नसेल तर घरात सांगा, दवाखान्यात सांगा. आणि आपल्या माणसाला "घेतलीस का?" असं विचारून झालं, की फोन ठेवण्याआधी एवढंही विचारा, "सोसते का गं?"