उणिवेचे गुण

चंद्रभागाबाईंनी वीस तोंडांचा तो फासा चिमटीत धरून खिडकीकडं नेला, एक डोळा बारीक करून पारखला आणि परत टेबलावर ठेवला. खोट काही सापडली नाही, म्हणून त्यांचा संशय उलट वाढला.

"आकडे खरे हायत का रे ह्याच्यावरले?"

"खरे हायत आत्या," रत्नपाल म्हणाला. "तुम्हीबी बसा की खेळायला."

"मला न्हाई बाबा. मी आपली बसते हितं, गुडघे धरून."

मन्नाएखेळ्ळीच्या हमरस्त्यावर व्यंकटचं खत-बियाणांचं दुकान आणि दुकानाच्या माडीवर ही खोली. खाली युरियाची पोती, वर दर रविवारी हा खेळ. व्यंकटचा शाळेपासूनचा मित्र रत्नपाल, मूळचा चिंताकीचा, बिदरच्या एका कॉलेजात शिकवायचा आणि रविवारी इथं येऊन खेळ चालवायचा. गोष्ट तो सांगणार, संकटं तो आणणार. खेळणाऱ्यांनी आपापला एक माणूस कागदावर उभा करायचा आणि त्या गोष्टीत सोडायचा. नेहमीचे दोन गडी सोयाबीनच्या राशीत अडकले होते. त्यांच्या जागी आज विजयश्री बसली होती, आणि चंद्रभागाबाईंच्या लेखी आजचा खरा खेळ तोच होता.

चंद्रभागाबाई व्यंकटच्या आत्या. आसपासच्या गावांतली कितीतरी लग्नं त्यांच्या हातची. मुलामुलींचे बायोडाटे त्या स्वतः सांगून लिहून घेत, आणि त्यांच्या सांगण्यातून उतरलेला कुठलाही मुलगा प्रत्यक्षापेक्षा दोन बोटं उंच असे. आळशाला त्या 'शांत' म्हणत, भांडकुदळाला 'स्पष्टवक्ता'. खोटं त्या कधी लिहीत नसत. खऱ्यातलं काय पुढं ठेवायचं आणि काय मागं, एवढंच बघत.

गेल्या रविवारी मंठाळला विजयश्रीच्या घरी सकाळी अकरा वाजता पोहे झाले. ती बिदरच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. बोलणं मोजकं, नजर मात्र सगळीकडं. तिनं व्यंकटला एकच विचारलं होतं, रविवारी काय करता म्हणून. त्यानं खरं सांगून टाकलं. मग ती म्हणाली, मी येऊन बघू का? आणि आज तिचे वडील तिला दुकानापाशी सोडून कामाला हुमनाबादला गेले होते. संध्याकाळी न्यायला येणार होते. येताना तिनं कापडी पिशवीतून शेंगपोळ्यांचा भरलेला डबा आणला होता. तो उघडल्यापासून रत्नपालचा हात काही डब्यातून निघत नव्हता.

"प्रत्येकाला तीस गुण," रत्नपाल तिला सांगू लागला. "त्यातनं बळ घ्या, चपळाई घ्या, विद्या घ्या. ज्याला जे परवडंल ते."

"तीसच?" चंद्रभागाबाई म्हणाल्या. "छत्तीस पायजेत की."

"वाढवता येतात आत्या. एखादी उणीव घेतली की गुण परत मिळतात. लंगडा घेतला की तीन, बहिरा घेतला की सहा."

चंद्रभागाबाई सावरून बसल्या. हा खेळ त्यांना वाटला होता तितका पोरकट नव्हता.

व्यंकटनं कागद पुढं ओढला. एरवी भिडस्त असलेला हा माणूस कागद समोर आला की अडत्यासारखा बोलायला लागायचा.

"पयलं अंधारात दिसणं. आठ गुण."

"अक्का, हे बघून ठेवा," रत्नपाल विजयश्रीला म्हणाला. "ह्याचा कुठलाबी गडी असू द्या. घोडेस्वार असो, बैरागी असो, पयलं अंधारात दिसतंय त्याला. भर दुपारच्या लढाईतबी!"

चंद्रभागाबाईंनी पदर सारखा केला आणि छताकडं बघितलं. ट्यूबलाइट चालू होती. तीन वाजता, लख्ख उन्हात, त्यांनीच आल्या आल्या बटण दाबून ठेवलं होतं.

व्यंकटला जन्मापासून रात्रीचं दिसत नव्हतं. दिवसा तो दाणा बघून वाण ओळखायचा. सांज झाली की डोळ्यांपुढं पोतं टाकल्यासारखं व्हायचं. बायोडाट्यात हे कुठं बसवावं चंद्रभागाबाईंना कळलं नव्हतं, म्हणून त्यांनी ते बसवलंच नाही. पहिली सोयरीक औरादकडची. साखरपुडा ठरवायला गेले, बोलणी लांबली, अंगणात पंगत बसली. व्यंकट हात धुवायला उठला आणि होणाऱ्या सासऱ्याच्या भरल्या ताटात पाय देऊन पुढं गेला. दुसऱ्या ठिकाणी कुणीतरी आधीच जाऊन सांगितलं. तेव्हापासून चंद्रभागाबाईंनी नेम धरला होता: जे काय करायचं ते दिवसाउजेडी. आणि अंधार पडलाच, तर गुडघे. 'अगं आई गं, धर रे मला' म्हणून त्या त्याचा दंड पकडत. लोकांना वाटे, पोरगा आत्याला काय जपतोय! नेणारी कोण आणि जाणारा कोण हे त्या दोघांनाच ठाऊक.

सवय अशी की आज दुपारीही जिना चढताना त्यांनी त्याचा दंड धरला होता. मागून येणाऱ्या विजयश्रीनं विचारलं होतं, "कुठला गुडघा दुखतो आत्या?" त्या म्हणाल्या, उजवा. वर पोचून खाली बसताना त्यांनी डावा चोळला. तिनं ते बघितलं होतं.

व्यंकटचा गडी तयार झाला. बळ भरपूर, ढाल जाड, तलवार दुहेरी. गुण संपले तेव्हा त्यानं शेवटी उणीव लिहिली.

"समुद्राची भीती. चार गुण परत."

"ह्या गोष्टीत समुद्र न्हाई, म्हाईत हाय ह्याला," रत्नपाल म्हणाला. "जमिनीखालचं भुयार हाय. आपल्या बिदरखालनं जाणाऱ्या जुन्या कालव्यासारखं."

चंद्रभागाबाई मनातून खूश झाल्या. असली उणीव लिहायला डोकं लागतं. त्यांनी स्वतः 'चहा जास्त पितो' असं लिहून एक सोयरीक जुळवली होती.

"तुमचं झालं का हो?" व्यंकटनं विजयश्रीला विचारलं.

तिनं कागद फिरवला. नाव लिहिलं होतं गुरुबाई. वय पन्नास. बळ नाही, तलवार नाही, चपळाई तर उणे. तिचा भाऊ कालवा खणायला त्या भुयारात उतरला होता आणि वर आला नव्हता. कुणीच शोधायला जाईना, म्हणून ती निघाली होती. एवढंच. जवळजवळ सगळे गुण शिल्लक होते.

"अहो, असली बाई म्हंजे पयल्या वळणावरच..." व्यंकटनं वाक्य गिळलं. "गुण उरलेत की. घ्या कायतरी."

"तिच्याकडं जे नाही ते कशाला घेऊ?" विजयश्री म्हणाली. "उणीव मात्र आहे. भीती वाटली की गाते. मोठ्यानं. आणि बेसूर."

"भुयारात? सगळ्यांना कळंल की कुठं हाय ते!"

"कळेल."

"ह्याला गुण किती?" त्यानं रत्नपालला विचारलं.

"दोन."

"नकोत मला," ती म्हणाली. "ती तशीच आहे. गुणांसाठी नाही."

चंद्रभागाबाईंनी तिच्याकडं नीट बघितलं. अशी बाई त्यांनी कुठल्या स्थळापुढं ठेवली नसती. पण मघापासून व्यंकटच्या गड्यानं किती पोती उचलली असती ते त्यांना सांगता आलं असतं, आणि ह्या गुरुबाईचा भाऊ सापडतो की नाही ह्याची मात्र त्यांना काळजी लागली होती. त्यांना स्वतःचाच थोडा राग आला.

बाहेर ऊन उतरलं होतं. दिवाळीच्या तोंडावरचे दिवस. एकदा उतरायला लागलं की थांबत नाही.

"एक विचारू?" विजयश्री व्यंकटच्या कागदाकडं बघत म्हणाली. "ह्यांनी समुद्र बघितलाय कधी?"

"न्हाई."

"मग भीती कशी बसली?"

"बसली न्हाई. चार गुण मिळतात."

रत्नपाल मोठ्यानं हसला. तीही हसली. मग, दवाखान्यात कुणाला 'कुठं दुखतंय' विचारावं तसं तिनं विचारलं,

"खरंच कशाची वाटते?"

व्यंकट पेन्सिल बोटांत फिरवत राहिला.

"उशीर व्हायलाय," चंद्रभागाबाई घाईनं म्हणाल्या. "विजयश्री, तुझे बाबा येतील आता. आवर रे व्यंकट. काय बसलायस? उजेड हाय तवर..."

"आत्या, थांब जरा."

त्यानं खोडरबर घेतला. आधी समुद्र पुसला. मग कागदाच्या अगदी वर जाऊन पहिली ओळ पुसू लागला. कागदाची लव निघेपर्यंत पुसत राहिला.

"रत्नपाल, रातांधळेपणाला किती गुण देतंय तुझं पुस्तक?"

रत्नपालच्या हातातली शेंगपोळी तशीच राहिली.

"उघड्यावर चार," तो सावकाश म्हणाला. "पण आपली गोष्ट भुयारातली. तिथं बारा. व्यंकट, मरंल रे असला गडी."

"लिही बारा." व्यंकट कागदाकडंच बघत होता. "जन्मापासनं हाय. वाढणार न्हाई म्हणलाय हैदराबादचा डॉक्टर. जाणारबी न्हाई."

खेळातल्या त्या राज्यात हैदराबाद नव्हतं.

खालून एक ट्रक गेला, त्याचं थरथरणं जिन्यातून वर आलं. विजयश्रीची नजर छतावरच्या ट्यूबलाइटवर गेली, तिथून खिडकीवर, आणि तिथून सरळ चंद्रभागाबाईंच्या गुडघ्यांवर येऊन थांबली. चंद्रभागाबाईंनी गुडघ्यांवर पदर ओढून घेतला. झालं, त्यांच्या मनात आलं. तिसरंबी गेलं. आणि ह्या वेळी ताटात पायसुद्धा द्यावा लागला नाही.

"मग आता तुमच्याकडं सोळा गुण मोकळे," विजयश्री म्हणाली. आवाज मघासारखाच होता. "बारा हे आणि आठ ते, समुद्राचे चार वजा. कशात घालणार?"

व्यंकटनं मान वर केली. त्याला बहुधा दुसराच प्रश्न अपेक्षित होता. पण गुण मोकळे आहेत म्हटल्यावर त्याच्यातला अडत्या जागा झाला.

"ऐकण्यात. सगळे ऐकण्यात." त्यानं लिहिलं आणि पेन्सिल थांबली. त्यानं तिचा कागद स्वतःकडं ओढला. "तुमची गुरुबाई भ्याली की गाते म्हणालात."

"मोठ्यानं."

"भुयारात भिणारच की ती."

"भिणारच."

"मग ती म्होरं. आवाज जिकडनं येतोय तिकडं वाट. ती गात ऱ्हायली की मला डोळ्याचं कामच न्हाई. आणि जिथं गप्प झाली..."

"तिथं कायतरी हाय," विजयश्री म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या तोंडून गावाकडची भाषा निघाली.

"व्हय! तिथं तलवार!" त्यानं टेबलावर हात आपटला, तसे फासे उडाले. "रत्नपाल, दोघांचं मिळून मांड बघू. तुझं भुयार आडवं पडतंय!"

रत्नपाल पुस्तक उलटंपालटं करू लागला. ह्याविरुद्ध नियम सापडतो का बघत होता. सापडला नाही. "ह्याला गोष्ट सांगायला शिकवता शिकवता माझी दाढी पिकायलीय अक्का," तो म्हणाला, "आणि शिकला तरी त्यातनं हिशेबच काढला बघा."

चंद्रभागाबाई दोन्ही कागदांकडं बघत होत्या. त्यांनी आयुष्यभर इकडची उणीव इकडं झाकली होती, तिकडची तिकडं. दोन्ही काढून एका टेबलावर शेजारी ठेवाव्यात, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आलं असतं तरी हिंमत झाली नसती.

खाली जीपचा हॉर्न वाजला.

दार उघडलं तेव्हा बाहेर सांज पुरती उतरली होती. जिना बाहेरच्या अंगाला, त्यावरचा दिवा कधीचा गेलेला. चंद्रभागाबाईंचा हात आपोआप गुडघ्यावर गेला.

"अगं आई गं. व्यंकट, धर रे..."

"आत्या, तुम्ही कठडा धरून सावकाश या," विजयश्री चपला घालत म्हणाली. "कठडा मजबूत आहे. गुडघेपण मजबूत आहेत तुमचे."

आणि ती व्यंकटकडं वळली. "ही पिशवी जड आहे हो. एक बंद धरता का?"

त्यानं हात पुढं केला. तिनं पिशवीचा एक बंद त्याच्या मुठीत दिला, दुसरा स्वतः धरला, आणि एक पायरी पुढं राहून उतरू लागली. दिवसभर मोजकं बोललेली ती मुलगी आता बोलायची थांबेना. इथली पायरी किती अरुंद बांधलीय, इथला कोपरा कुणी फोडला, पोत्यांनीच फुटला असणार, आता वळण आलं, भाऊ सापडला तर गुरुबाई त्याला पहिल्यांदा काय म्हणेल. व्यंकट तिच्या आवाजामागं बेतानं पाय टाकत होता.

वर उभ्या राहून चंद्रभागाबाई बघत राहिल्या. शेवटची शेंगपोळी त्यांच्यादेखत रत्नपालनं संपवली होती. पिशवीत एक रिकामा डबा होता. दोघांच्या मध्ये ती पाचोळ्यासारखी हलत होती.

खाली वडील जीपजवळ उभे होते. "एवढं काय जड घेतलंय गं?" त्यांनी हात पुढं केला. "दे हिकडं."

"राहू द्या बाबा," विजयश्री म्हणाली. "आम्ही धरलीय."

वडिलांनी पिशवीकडं बघितलं, व्यंकटकडं बघितलं, मग वर जिन्याकडं. तिथून चंद्रभागाबाई झपाझप उतरत येत होत्या. लंगडायचं होतं हे त्यांना आठवलं तेव्हा त्या खाली पोचल्या होत्या.