खंदकातलं पाणी

"पप्पा, अहो काय करून ठेवलंत हे!" सुरजने कपाळावर हात मारून घेतला.

टेबलावर खंदक मांडलेले होते. बोटाएवढ्या सैनिकांच्या लढाईचा जो खेळ असतो ना, त्यातले. फोमचे, कंपनीतूनच रंगवून आलेले. वाळूची पोती, फळ्या, काटेरी तार, तळाला चकाकणारं चिखलपाणीसुद्धा. आणि त्यातल्या सगळ्यात लांब खंदकाची भिंत श्रीपतने, म्हणजे सुरजच्या पप्पांनी, भाजीच्या सुरीने आरपार कापून टाकली होती.

"पानी जायला वाट केली," पप्पा शांतपणे म्हणाले. होळी गावात चाळीस वर्षं केळीची वाडी केलेला माणूस. केळीच्या बुंध्याशी पाणी तुंबलेलं दिसलं तर भरल्या ताटावरून उठणार.

"ते पाणी नाहीये हो! वॉर्निश आहे, वॉर्निश!"

"दिसतंय तर पानीच."

आता यावर काय बोलणार, कप्पाळ! सेट सुरजचा असता तर दोन दिवस धुसफुसून तो गप्प बसला असता. पण सेट होता फ्रान्सिसचा. आठ महिने वाट बघून मागवलेला. राजोडीला फ्रान्सिसच्या घरी शनिवार-रविवार पाहुण्यांना खोल्या देतात, पाय ठेवायला जागा नसते, म्हणून रविवारच्या मॅचसाठी त्याने खोका सुरजकडे ठेवला होता. "तुझ्याकडे म्हणून ठेवतोय," असं दहादा बजावून. मागे एकाने त्याच्या रणगाड्याची नळी मोडली, त्याच्याशी तो अजून बोलत नाही. आणि ऑफिस सोडलं तर सुरजला मित्र म्हणून हा एकच होता.

"कापलेला तुकडा कुठाय? निदान चिकटवतो तरी."

"कचऱ्याची गाडी घेऊन गेली."

दहाला फ्रान्सिस आला. खंदक बघून जागच्या जागी थांबला.

"सॉरी यार, पप्पांनी..."

गुडघे टेकून, टेबलाच्या कडेला डोळा लावून फ्रान्सिसने तो कापलेला भाग न्याहाळला.

"काका, हे चुकलंय."

झालं! सुरजने डोळे मिटले.

"उतार ह्या अंगाला आहे. पाणी तिकडून कसं जाईल?"

"तिकडंच उतार हाय. तुला दिसत नाय."

"आमच्या वाडीत काय मी चर काढले नाहीत?"

आणि दोघे जे सुरू झाले! पप्पांनी खात्री करायला पाण्याचा तांब्या आणला, तो सुरजने अक्षरशः हातातून ओढून घेतला. मैत्री वाचली म्हणून त्याला हायसं वाटलं खरं, पण मिनिटभरच. अकरा वाजले तरी पहिला फासा पडला नव्हता.

"अरे, मॅच खेळायचीये की बांधबंदिस्ती करायचीये?"

कोण ऐकतंय! पप्पा तर आता खंदकातले सैनिक एकेक करून उचलून वर काठावर उभे करत होते.

"पप्पा, ते माझे आहेत! असे उघड्यावर ठेवलेत तर पहिल्या फेरीतच मरतील. ही मॅच हरलो ना, तर फक्त तुमच्यामुळे!"

"हर की मग," पप्पा म्हणाले आणि शेवटच्या सैनिकाचे पाय त्यांनी आपल्या बनियनला पुसले. "पन पोरांना तासंतास पान्यात उभं करू नको. पाय कुजतात."