पट्टीवरची तारीख

मावशींचा फोन आला तेव्हा मी बाळाच्या नाकाखाली बोट धरून बसले होते. आठ महिन्यांचा झाला तरी माझी ही सवय जात नाही. नवरा म्हणतो, "एक दिवस तूच त्याला उठवून सांगशील, की बाबा रे, तू जिवंत आहेस."

"आपली शिवणवाली गेली," मावशी म्हणाल्या. "अकराला ये. चौथी बाई मिळत नाहीये."

मावशी म्हणजे नवऱ्याची मावशी. आमच्या ज्यू जमातीत बाई वारली की जमातीतल्याच चार बायका तिला शेवटची अंघोळ घालतात, आणि तीस वर्षं हे काम मावशींकडे आहे.

"मी कधी केलं नाही हो."

"आईच्या पोटातून कोण शिकून येतं? ये."

शिवणवालीला सगळे ओळखत. जमातीतली कफनं तीच शिवायची, फुकट. कफनाच्या दोऱ्याला गाठ मारत नाहीत, तरी तिची शिवण उसवत नसे. हात थरथरू लागले तशी ती जमातीच्या वृद्धाश्रमात गेली. आम्ही त्याला नुसतं होम म्हणतो. तिच्या शेजारच्या खाटेवर माझ्या शाळेतल्या बाई. त्यांनी मला व्याकरण शिकवलं. आता त्यांची उजवी बाजू गेली आहे, जीभ मात्र शाबूत. दर मंगळवारी मी होममध्ये स्वयंसेवक म्हणून जाते आणि त्या दोन खाटांच्या मधे बसून पेपर वाचते. म्हणजे जात होते.

दफनभूमीच्या मागच्या खोलीत एक उतरतं टेबल, तीन बादल्या आणि जमिनीत जाळी. हातमोजे चढवता चढवता मावशींनी नियम सांगितले. तोंड झाकलेलं राहील. अंगावरून पलीकडे काही द्यायचं नाही, वळसा घालून जायचं. "आणि या खोलीत दिसेल ते या खोलीतच राहील. मेलेल्याला स्वतःची अब्रू झाकता येत नाही. ती आपण झाकायची."

आम्ही तिला कुशीवर वळवलं. माकडहाडावर हाताच्या पंजाएवढी पट्टी होती. वास आधी आला. पट्टीच्या टोकाला चिकटपट्टी आणि तिच्यावर काळ्या पेनाने लिहिलेली तारीख. ड्रेसिंग बदललं की सिस्टर तारीख घालतात. मी घरी दुधाच्या बाटल्यांवर अशीच चिकटपट्टी लावते आणि तारीख लिहिते. दोन दिवस उलटले की दूध ओतून देते.

त्या दिवशी बावीस तारीख होती. पट्टीवर होती तीन.

"मावशी, तारीख बघा."

"हं."

"एकोणीस दिवस."

"काम कर गं."

पट्टीखाली काय होतं ते लिहीत नाही. हाड दिसत होतं, इतकंच.

तीन बादल्यांची धार अखंड पडावी लागते. एक संपायच्या आत दुसरी सुरू. दुसरी माझ्याकडे होती. मी मनात मंगळवार मोजत होते. तीन ते बावीस, तीन मंगळवार. तिन्ही वेळा मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते, आणि तिची चादर हनुवटीपर्यंत ओढलेली होती. चादर मी उचलली नव्हती. स्वयंसेवकांनी रहिवाशांच्या अंगाला हात लावायचा नाही, असा होमचा नियम आहे, त्यांचा मान राहावा म्हणून.

"धार तुटली," मावशी म्हणाल्या. "पुन्हा पहिल्यापासून."

पुन्हा तीन बादल्या भरल्या. मग तिला कफन चढवलं, तिनेच शिवून ठेवलेलं. शेवटी मावशींनी ती पट्टी पांढऱ्या फडक्यात गुंडाळली आणि पेटीत तिच्या पायाशी ठेवली.

"मावशी, ती ठेवून घेऊ या ना."

"तिचं रक्त आहे त्यावर. माणसाचं रक्त माणसाबरोबर जातं."

"निदान चिकटपट्टी तरी."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं नाही. चिकटपट्टी ओढून घ्यायला मला एक क्षण पुरला असता. मी घेतली नाही. झाकण बसलं. मग आम्ही चौघींनी तिचं आणि तिच्या वडिलांचं नाव घेऊन तिची माफी मागितली, कारण तसं मागतात: आमच्या हातून काही कमीजास्त झालं असेल तर क्षमा कर. ही माफी बादल्यांपुरती असते.

रात्रभर मला शेजारची खाट दिसत होती. बाईंची चादरही तशीच हनुवटीपर्यंत असते.

रविवारी सिनेगॉगच्या मागच्या हॉलमध्ये होम चालवणाऱ्या समितीची बैठक होती. अध्यक्ष माणूस वाईट नाही. सफाई कामगारांच्या पगारासाठी निघालेल्या मोर्चात ते उन्हातान्हात पुढे चालले होते. आमच्या पवित्र भाषेत दान आणि न्याय यांना एकच शब्द आहे, असं ते दरवर्षी भाषणात सांगतात. होममध्ये सव्वीस खाटा आहेत. गेल्या वर्षी दोनपैकी एक सिस्टर सोडून गेली, तिची जागा भरली नाही. "स्वयंसेवक आहेत की," असं तेव्हा ठरलं, आणि हात वर करणाऱ्यांत मीही होते.

मी पट्टीचं सांगितलं.

"पट्टी कुठे आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"पेटीत."

"मावशी, तुम्ही काय पाहिलंत?"

मावशी पर्सची कडी उघडत होत्या, मिटत होत्या. "खोलीतलं मी बाहेर बोलत नाही. तीस वर्षांत बोलले नाही."

"पोरी," अध्यक्ष मवाळपणे म्हणाले, "तान्हं मूल घरात. झोप होत नसेल तुझी. तीनचं तेवीससुद्धा असू शकतं."

"तेवीस तारीख तेव्हा उजाडली नव्हती, काका."

कुणीतरी हसलं. त्या हसण्याने गाडी रुळावर आली. ठरलं ते असं: यापुढे प्रत्येक पट्टीवरची तारीख रोज तपासायची, वहीत लिहायची, आणि समितीतल्या कुणीतरी सही करायची. सगळ्यांना हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं.

पुढचे दोन मंगळवार बाळाला ताप होता, मी गेले नाही. ही सबब नाही, झालं ते सांगतेय.

अकरा तारखेला गेले, बाळाला छातीशी बांधून. खोलीच्या दारातच तो वास आला. बाई खिडकीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"उशीर," त्या म्हणाल्या. "दोन आठवडे."

"बाळ आजारी होतं, बाई."

"मग आता वाच. हेडलाइनपासून."

शिवणवालीची खाट रिकामी होती, गादीवर प्लॅस्टिक. बाळाला ठेवायला दुसरी जागा नव्हती. एरवी मी कुणाच्या सोफ्यावरही त्याला फडकं अंथरल्याशिवाय ठेवत नाही. तिथे ठेवलं, भिंतीला उशी लावली, आणि बाईंच्या चादरीला हात घातला.

"स्वयंसेवकांनी हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या.

"नियम माहीत आहे."

"मग?"

"मी अपवाद आहे. तुम्हीच शिकवलंत ना, प्रत्येक नियमाला असतो."

मी एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घालून त्यांना कुशीवर वळवलं, शिवणवालीला वळवलं होतं तसंच. फरक इतकाच, की या कण्हल्या.

पट्टीवर तारीख होती अकरा. आजचीच. क्षणभर मला माझीच लाज वाटली. मग मी वाकून पाहिलं. पहिला एक निळ्या शाईत होता, ताजा. दुसरा काळ्या, फिकट झालेला. पट्टीच्या कडा काळपट होऊन वळल्या होत्या. एक तारखेच्या पट्टीवर कुणीतरी आणखी एक एक उभा केला होता.

सिस्टर दारात आली. तिच्या हातात भांडं होतं, आणि तिने ते खाली ठेवलं नाही.

"ताई, सव्वीस जण आहेत आणि मी एक," ती म्हणाली. "तारीख बघायला रोज येतात. पाठ बघायला कोण येतं?"

मी आधी अॅम्ब्युलन्स बोलावली, मग मावशींना फोन लावला.

"मावशी, बाईंना पण तसंच आहे. पण बाई जिवंत आहेत. ही ती खोली नव्हे. इथलं बोललं तर चालतं."

मावशी म्हणाल्या, "पट्टीला हात लावू नकोस. मी निघाले."

त्या येईपर्यंत मी बाईंचा डावा हात धरून बसले. त्या खोलीतले शब्दच तोंडात आले. "बाई, आमच्या हातून जे कमीजास्त झालं..."

"माफी मेल्यावर मागतात," बाई म्हणाल्या. "आत्ता पाणी आण."

मी पाणी पाजलं. निम्मं उशीवर सांडलं.

मावशी धापा टाकत आल्या. चष्मा लावून त्यांनी पट्टी वाचली, आणि अॅम्ब्युलन्सच्या माणसाला म्हणाल्या, "लिहून घ्या. एकचं अकरा केलंय. ही दुसरी आहे. पहिली एकोणीस दिवसांची होती. ती मी माझ्या हाताने पुरली."

सिस्टरने कळवलं म्हणून आलेले अध्यक्ष दारात थांबले. "मावशी, हे बाहेर..."

"तुम्ही जरा बाजूला व्हा," मावशी म्हणाल्या. "स्ट्रेचर न्यायचंय."

बाई हॉस्पिटलमध्ये सतरा दिवस जगल्या. विष रक्तात भिनलं होतं, आणखी आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. होममध्ये आता दोन सिस्टर आहेत. जुनीला काढून टाकलं. त्याविरुद्ध मी आणि मावशींनी पत्र दिलंय, त्याला उत्तर नाही.

अठराव्या दिवशी सकाळी आम्ही चौघी पुन्हा त्या टेबलाभोवती होतो. बाईंना कुशीवर वळवलं. पट्टी पांढरी होती, आणि तारीख कालची, त्या गेल्या त्याच दिवसाची.

मावशींनी ती मोठ्याने वाचली. त्या खोलीत कुणी मोठ्याने काही वाचल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे बादली सरकवली.