तेजूचं काम मिटल्यावर

तेजस्विनी समोर असली, की लॅपटॉप शहाण्यासारखा झोपायचा. पडदा काळा व्हायचा, आतला पंखा निवायचा, कडेला एक बारीक दिवा तेवढा मिणमिणत राहायचा. ती भाजीला म्हणून खाली उतरली, की मागे तो जागा व्हायचा. परत येऊन पाहावं तर पडदा लख्ख, आणि त्यावर पासवर्डची रिकामी चौकट तिची वाट बघत असलेली.

बिजागरी ढिली झाल्यामुळे ती झाकण मिटत नसे. आधी तिला वाटलं, जुनं यंत्र आहे, असेल काही खोड. मग पुण्याहून यादव सरांचा फोन आला.

तेजस्विनी इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये बसून एका विमा कंपनीसाठी दवाखान्यांची बिलं तपासायची. लॅपटॉप कंपनीचा. त्या बिलांत कुणाकुणाची दुखणी, कुणाची ऑपरेशनं.

"मॅडम, तुमचं काम संपल्यावर मशीन चालू झालेलं दिसतं. रोज. घरात दुसरं कोण बसतं त्यावर?"

"कुणीच नाही, सर."

"मग आपोआप होतं? हे बघा, मी तुमच्यावर शंका घेत नाही. पण वरून मला विचारतात. शुक्रवारपर्यंत कारण सांगा, नाहीतर मशीन जमा करा आणि पुण्याच्या ऑफिसात बसा."

पुण्यात बसायचं म्हणजे तिकडे खोली घ्यायची. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. अमोलचं देवळाली कॅम्पात चष्म्याचं दुकान, ते काही उचलून नेता येण्यासारखं नव्हतं. सासूबाई, लंकाबाई, निफाडकडचं गाव सोडून लेकाकडे आलेल्या. फ्लॅटमध्ये त्यांचा जीव रमेना, म्हणून अमोलने त्यांना घरगुती गिरणी आणून दिली, आणि सोसायटीतल्या बायका डबे घेऊन येऊ लागल्या. तव्यावर भाकरी बसावी तशी त्या घराची घडी आत्ता कुठे बसत होती.

त्या संध्याकाळी जेवताना तिने विचारलं, "अमोल, तू उघडतोस का रे माझा लॅपटॉप?"

"मी? दिवसभर लोकांचे डोळे बघतो, घरी येऊन त्यांचे मूतखडे कशाला बघू?"

"चेष्टा नको."

"मग संशयही नको," तो म्हणाला आणि उठला. ताटात चतकोर भाकरी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने सासूबाईंना विचारलं. त्या बाजरी पाखडत होत्या.

"आई, तुम्ही कधी हात लावता का लॅपटॉपला? पुसायला वगैरे?"

सूप थांबलं. "लॅपटॉपला? नाय बाई. त्याला मी कशाला हात लावू?"

सूप पुन्हा चालू झालं. पण ते जरा जास्तच वेळ थांबलं होतं, असं तेजस्विनीला वाटलं. आणि असं वाटलं याचीच तिला लाज वाटली.

गुरुवारी तिने अर्धी रजा टाकली आणि निकिताला फोन लावला. निकिता तिची कॉलेजातली मैत्रीण, कॉम्प्युटरच्या कामात मुरलेली.

"झोपायची वेळ बदलून पाहिली, अपडेट केलं, प्रिंटर काढला, वायफाय बंद केलं. माझ्यासमोर झोपतो गं. मी उठले की उठतो."

"नवऱ्यासारखाच आहे की."

"निकिता!"

"बरं, बरं. अगं, मग त्यालाच विचार ना, कुणी उठवलं म्हणून. त्याला सगळं ठाऊक असतं. मी सांगते ते टाइप कर."

तिने टाइप केलं. उत्तर एका शब्दाचं आलं: माऊस.

"माझ्याकडे माऊसच नाही! दसऱ्याच्या आधी पुण्याला मीटिंगला गेले होते, तिथेच राहिला. तेव्हापासून बोटानेच चालवते."

"कडेला बघ. बिनवायरच्या माऊसचं, हरभऱ्याच्या डाळीएवढं काही खोचलंय?"

होतं. इतकं लहान की ते तिथे आहे हे ती विसरूनच गेली होती.

"मग माऊस पुण्यात नाही, बाईसाहेब. तो तुझ्या घरात आहे, दोन-चार पावलांवर. आणि कुणीतरी तो हलवतंय."

लंकाबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी कप टेबलावर ठेवला आणि बाल्कनीत गेल्या. हॉलच्या भिंतीला लागूनच तिथे गिरणी होती. परत आल्या तेव्हा तळहातावर लाल खण, खणावर माऊस. पाठीवर वाळलेलं कुंकू, दोन अक्षता, सुकून चिमुकलं झालेलं झेंडूचं फूल.

"खंडेनवमीला पुजला व्हता," त्या म्हणाल्या. "इळी, कात्री, अमोलचे पेचकस, समदी हत्यारं गिरणीवर मांडली. समद्यांचं काय ना काय हाय, अन् तुझंच काय नाय. तू म्हणलेली, लॅपटॉप कंपनीचा हाय, हळद-कुंकू लागू देऊ नका. मग म्हणलं, गणपतीच्या जागी सुपारी मांडतोच की आपण. तसा ह्याला मांडला. तू अंघोळीला गेलेली."

"मग परत का नाही ठेवलात?"

"कुंकवाचा डाग निघंना. अन् तू तर म्हणाय लागली, माऊस पुण्यात हरवला. म्हणलं, डाग निघाला की ठेवीन गुपचूप." त्यांचा आवाज बारीक झाला. "पर पोरी, त्या दिसापासून मी त्याला हात नाय लावला. खणावर ठेवला, वरून फडकं टाकलं. बस."

"मग हलवतंय कोण?" फोनमधून निकिता म्हणाली.

तेजस्विनी भिंतीकडे बघत राहिली. "आई, तुम्ही दळण कधी लावता?"

"तुझं काम मिटलं की. नायतर तू खाली गेली की. तुझ्या मीटिंगमधी घरघर नको म्हणून."

सकाळी बायका डबे घेऊन यायच्या, आणि लंकाबाई त्यांना दारातूनच हळू सांगायच्या: सूनबाई कामावर हाय, ठेवून जा. डबे भिंतीशी ओळीने बसायचे. मग तेजूची खुर्ची सरकल्याचा आवाज आला, की पहिला डबा उघडायचा. आवाजाचा त्रास नको म्हणून जपून ठेवलेली ती वेळ. बरोबर त्याच वेळी लॅपटॉप झोपलेला असायचा.

त्यांनी माऊस पुन्हा गिरणीवर, खणावर ठेवला. तेजस्विनीने लॅपटॉप झोपवला. लंकाबाईंनी बाजरी ओतली, बटण दाबलं, आणि सवयीने ओठांतल्या ओठांत म्हणू लागल्या:

हळू फिर गिरणीबाई, भिंतीपल्याड काम
सूनबाईच्या कपाळी, नको येऊ देऊ घाम

गिरणी थरथरली, खण थरथरला. हॉलमध्ये पडदा लख्ख उजळला.

"झाला गं, झाला!" तेजस्विनी ओरडली, आणि मग तिला एकदम रडूच आलं. लंकाबाई पिठाच्या हातानेच धावत आल्या. तिच्या गालावर पीठ लागलं ते तसंच राहिलं.

तसंच तिने यादव सरांना व्हिडिओ कॉल केला. सरांनी एकदा पाहिलं. "परत करा," म्हणाले. परत केलं. मग त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"मॅडम, कारणाच्या रकान्यात मी काय लिहू? बाजरी?"

"माऊस लिहा, सर."

"ती पाठीवर लाल काय आहे?"

"पूजा केलेली, सर. खंडेनवमीची."

"आमच्याकडे ट्रॅक्टरची करतात," ते म्हणाले. "ठीक आहे. माऊस हलत्या जागी होता, एवढंच लिहितो. मशीन राहू द्या तुमच्याकडेच."

संध्याकाळी अमोल आला तेव्हा तिने ताट वाढलं, गरम भाकरी त्याच्यापुढे धरली आणि म्हणाली, "संशय घेतला, चुकलं माझं."

"सापडला का चोर?"

"घरातलाच निघाला. गिरणीवर चढून बसला होता."

सोमवारी मीटिंग चालू होती. पडद्यावर पुण्याची माणसं ओळीने बसलेली. तेजस्विनीच्या हाताखाली माऊस, पाठीवरचा डाग आता फिकट गुलाबी. लंकाबाई डबा घेऊन दारापर्यंत आल्या आणि चेहरे दिसताच मागे वळल्या.

तेजस्विनीने माइक बंद केला. "लावा ना, आई."

"अगं, साहेब हायत!"

"असू देत. त्यांना माहितीय."

तिने माइक चालू केला. भिंतीपलीकडे गिरणी घरघरू लागली. पडद्यावरचे दोघं-तिघं बोलता बोलता थांबले.

"मॅडम," यादव सर म्हणाले, "आज काय?"

"ज्वारी, सर," तेजस्विनी म्हणाली आणि पुढचं बिल उघडलं.