काकांची मान, काकूंचा व्यायाम

मी फिजिओथेरपिस्ट. माझ्याकडे येणाऱ्यांना व्यायाम सोडून सगळं हवं असतं. शेक हवा, मालिश हवं, मलम हवं, विजेच्या यंत्राच्या गुदगुल्याही हव्यात. व्यायाम म्हटलं की एकेकाला घरची कामं आठवायला लागतात. घड्याळं दुरुस्त करणारे काका मात्र या सगळ्यांच्या वरताण निघाले.

वर्षानुवर्षं डोळ्याला भिंग लावून, वाकून बसून त्यांची मान पार आखडली होती. जरा वेळ बसलं की कळ थेट खांद्यात उतरायची आणि हात थरथरायचा.

"हात थरथरायला लागला की दुकानाला कुलूपच," पहिल्या दिवशी काकूंना सोबत घेऊन आलेले काका म्हणाले. ते खरंच घाबरले होते, म्हणून मी माझा फटकळपणा आवरता घेतला. हनुवटी सरळ मागे ओढायची, खांद्यांची पाती मागे जवळ आणायची, रबरी पट्टा ओढायचा, सगळं करून दाखवलं. मालिशनं तेवढ्यापुरतं बरं वाटेल, ताकद रोजच्या व्यायामानंच येईल, हेही बजावलं.

पुढच्या खेपेला काकू एकट्याच आल्या.

"काका कुठे आहेत?"

"दुकानात. म्हणाले, तू शिकून ये आणि मला सांग."

त्यांच्या घरची रीतच ती. काकांच्या गोळ्या, काकांचा चष्मा, बँकेतल्या खेपा, सगळं काकूंच्या गळ्यात. वर दुकानात बसून घड्याळांचे पट्टे बदलायचे, सेल घालायचे. त्यात आता व्यायामाची भर.

"काकू, मान त्यांची आहे."

"हो, पण त्यांच्या काही लक्षात राहत नाही."

मी कपाळाला हात लावला आणि शिकवलं. काकू दर आठवड्याला येत आणि इतका नेटका व्यायाम करत, की इतरांना बोलावून दाखवावंसं वाटे.

मग एकदा दोघं आले. काका तणतणतच आत शिरले.

"मॅडम, काडीचा फरक नाही."

"रोज करता?"

"एक दिवस चुकत नाही. सकाळी माझ्यासमोर बसून करते ही."

"आणि तुम्ही?"

"मी लक्ष ठेवतो ना, नीट करते की नाही."

मला हसू आवरेना. तेवढ्यात मागे दार वाजलं आणि काकूंनी मान वळवून पाहिलं. नुसती मान. पहिल्या दिवशी मागे बघायला त्या अख्ख्या वळल्या होत्या. मला ते दिसलं होतं, पण पेशंट काका होते.

"काकू, तुमचीही मान दुखायची?"

"बरीच वर्षं. आता नाही दुखत."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. "मला कधी बोलली नाहीस."

"एका दुकानात दोघांच्याही माना दुखून कसं चाललं असतं?"

काकांचा चेहरा उतरला. मला माझाच राग आला. कुणी काही बोलायच्या आत काकांनी चपला काढल्या, चटईवर बसले आणि हनुवटी मागे घ्यायची सोडून छताकडे केली. मी पुढे होणार, तोच काकू त्यांच्यामागे जाऊन बसल्या. मानेच्या मुळाशी त्यांनी बोट टेकवलं.

"इथेच ना?"

"हो. तुला कसं कळलं?"

"मलाही तिथेच दुखायचं," काकू म्हणाल्या. "आता हनुवटी मागे घ्या."