भिंतीकडे न वळलेली पाटी

पेंटरना इंग्रजी वाचता येत नव्हतं, रंगवता मात्र झकास यायचं. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचा जन्म गेला होता. लेकीनं परदेशी शिकायला जायची परीक्षा द्यायचं ठरवलं, तेव्हा हे गृहस्थ तिच्याहून जास्त पेटले. ती सांगेल तो जडजंबाल इंग्रजी शब्द ते पत्र्याच्या उरल्यासुरल्या तुकड्यावर रंगवायचे, खाली बारीक अक्षरात आपल्या भाषेतला अर्थ. शब्द पाठ झाला की पाटीचं तोंड भिंतीकडे करायचं, असा घरचा कायदा. न्हाणीघरातही सुटका नव्हती.

"खोटी उलटवायची नाही हं," ते दटावायचे. "परीक्षेत मी नसणार तुझी लाज राखायला."

ओट्यावरची एक पाटी मात्र हटून बसली होती. बाबा रोज चहा ढवळता ढवळता ओरडायचे, "पॅलिएटिव्ह म्हणजे?" आणि लेक डोकं खाजवायची. पुढे त्यांच्या पोटात दुखायला लागलं आणि ते ओरडणंही थांबलं.

आज वॉर्डात मोठे डॉक्टर आले. फाईल चाळून धाकट्या डॉक्टरांशी इंग्रजीत बोलले. पलंगावरच्या माणसाला काय कळतंय! त्या बोलण्यात ओट्यावरच्या पाटीवरचा तो शब्द लेकीच्या कानावर पडला. इतके दिवस दडून बसलेला मेला अर्थ नेमका आत्ताच आठवायचा होता.

"काय गं म्हणाले?" बाबांनी विचारलं.

"औषध बदलणार आहेत. बरं वाटेल म्हणाले."

"आणि तो मधला लांबलचक शब्द?"

"तो... तो नाही येत मला, बाबा."

बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. शब्द आला नाही की ती डोकं खाजवते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आत्ता ती ओठ चावत होती. त्यांनी नुसतं पाणी मागून घेतलं.

दुपारी ती त्यांचे कपडे आणायला घरी निघाली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला. त्यांच्या नखांत अजून निळा रंग होता.

"ओट्यावरची पाटी उलटव," ते म्हणाले. "रोग बरा न करता नुसतं दुखणं हलकं करणारं. मीच रंगवलंय की ते. आला तुला तो शब्द."

घरी येऊन ती ओट्यापुढे उभी राहिली. तो शब्द आता ती जन्मात विसरणार नव्हती. पाटीला हात लावायचा मात्र तिला धीर झाला नाही.