अठ्ठावीस दिवसांची रजा

पलटणीत त्याला सगळे गुण्या म्हणत. काटकोन तपासायला सुताराकडे गुण्या असतो ना, तो याच्या हातून कधी सुटलाच नाही, म्हणून. बराकीतल्या खाटा एका ओळीत नसल्या तरी याला झोप लागायची नाही. सतरा वर्षं सैन्यात सुतारकाम केलं, त्यात एक वाईट शेरा नाही की एक दिवस उशीर नाही. आता सत्तरी जवळ आली, गुडघे गेले, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. अशा सरळ माणसाच्या घरात वाकडं शिरलं ते एका कागदामुळे.

आणि तो कागद त्यानंच मागवला होता. माजी सैनिकांच्या दवाखान्याचं कार्ड काढायला सर्व्हिस रेकॉर्डची प्रत लागते. पाकीट पोस्टानं आलं तेव्हा तो गुडघा शेकत बसला होता, म्हणून ते बायकोनं फोडलं. बाईचा जन्म शिवणकामात गेलेला. कापड असो की कागद, वरपासून खालपर्यंत नजर फिरवल्याशिवाय हातातून ठेवायची नाही. चौथ्या पानावर तिचं बोट थांबलं. त्या वर्षी, त्या महिन्यात, तीन तारखेपासून तीस तारखेपर्यंत अठ्ठावीस दिवस वार्षिक रजा. मंजूर.

त्याच महिन्याच्या चौदा तारखेला त्यांची थोरली गेली होती. अडीच वर्षांची होती, ताप डोक्यात गेला. बायकोनं तार केली होती आणि नवऱ्याचं उत्तर आलं होतं, रजा मिळत नाही. पोरीला नेलं तेव्हा बाप नव्हता. हे दुःख तिनं एकेचाळीस वर्षं गिळलं होतं. सैन्यातल्या माणसाच्या हातात काय असतं, असं स्वतःला समजावत गिळलं होतं.

"तुम्हाला रजा होती," ती म्हणाली.

"कुठली रजा?"

तिनं पान पुढे केलं. त्यानं चष्मा लावून वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग त्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला, आणि तो पडला नसता तर बरं झालं असतं.

त्या महिन्यात तो पलटणीत नव्हताच. मेजरसाहेबांचं नवं घर बांधून होत होतं. साहेबांनी बोलावून सांगितलं, महिनाभर तिकडे जा, दारं-खिडक्या आणि भिंतीतलं एक मोठं कपाट करून ये. हुकूम म्हणजे हुकूम. पण जवान पलटणीत नाही आणि साहेबाच्या घरी रंधा मारतोय, हे वहीत दाखवायचं कसं? रजेवर दाखवायचं. कोऱ्या अर्जांवर सह्या घेऊन ठेवायची हेडक्लार्कला सवयच होती. सगळे करत, यानंही केली होती. मग तार आली. ती घेऊन हा साहेबांपुढे उभा राहिला, साहेब "बघतो" म्हणाले, आणि संध्याकाळी निरोप आला की तुझी रजा शिल्लक नाही. आपलाच काही हिशेब चुकला असेल असं त्याला तेव्हा वाटलं होतं. स्वतःची रजा स्वतःच्या नावावर दुसऱ्यानं खाल्ली, हे त्याला आज कळत होतं.

त्यानं हे सगळं बायकोला सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"एवढी वर्षं कागदावाचून विश्वास ठेवला," ती म्हणाली. "आता कागद आलाय. कागदानं घरात घातलंय ते कागदानंच बाहेर काढा."

त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलू लागली. वाढलंय. दार लावून घ्या. गोळी घेतली का? एवढंच. भांडली असती तर त्याला सोसलं असतं.

रेकॉर्ड ऑफिसच्या खिडकीत एक चष्मेवाला कारकून बसायचा. त्याच्यामागे छताला टेकलेली लोखंडी कपाटं होती, आणि एका कपाटाचा पाय मोडला म्हणून त्याखाली फायलीच घातलेल्या होत्या. गुण्याचं लक्ष पहिल्यांदा तिकडेच गेलं.

"काका, नोंद दुरुस्त झाली तर तुम्हाला काय मिळणार?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"काही नाही."

"मग अर्ज कशाला? अर्जदारास होणारा लाभ, हा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही."

गुण्यानं रकान्यात 'नाही' असं लिहिलं. अर्ज महिन्यानं परत आला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ते काही उगाच म्हणत नाहीत. तो पुन्हा खिडकीशी गेला, बराच वेळ पेन धरून उभा राहिला आणि शेवटी लिहिलं, 'बायको बोलेल.'

चष्मेवाल्यानं ते वाचलं. हसेल असं वाटलं होतं, पण तो हसला नाही. त्यानं शिक्का मारला आणि आवाज उतरवून म्हणाला, "त्या तारखांना तुम्ही रजेवर नव्हता, कामावर होता, असा त्याच वेळचा लेखी पुरावा लागेल. साक्षीदार, हुकूम, काहीतरी. नुसतं तोंडी चालत नाही."

हेडक्लार्क वारला होता. मेजरसाहेबही वारले होते. हुकूम तर तोंडीच होता. गुण्या परतीच्या बसमध्ये बसला आणि अर्ध्या वाटेवर एकदम ताठ झाला.

त्याच्या उस्तादानं त्याला एक सवय लावली होती. काम झालं की मालकाला दिसणार नाही अशा जागी पेन्सिलीनं तारीख टाकायची. कपाटाच्या पाठीला, खणाच्या बुडाला, कुठेही. ते मालकासाठी नसतं. पुढे कधीतरी ते मोडायला जो सुतार येईल, त्याच्यासाठी असतं. गुण्यानं जन्मभर टाकली. मेजरसाहेबांच्या कपाटातही टाकली होती.

घर शोधायला अडचण आली नाही. फाटकावर नंबराची पाटी त्यानंच ठोकली होती, आणि ती अजून सरळ होती. दार मेजरसाहेबांच्या मुलीनं उघडलं. पन्नाशीची, शांत बाई. तिनं त्याला बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं.

"बाबा असं करणार नाहीत," ती म्हणाली.

"खालचा खण उलटा करू का?"

खणात चादरी होत्या. तिनं त्या काढून पलंगावर ठेवल्या. गुण्यानं गुडघे मोडून खाली बसत खण ओढला, उलटा केला आणि बाहीनं बूड पुसलं. अक्षर फिकट झालं होतं, पण होतं. तारीख बारा, महिना, वर्ष. त्याखाली एक ओळ: 'तार आली. रजा नाही म्हणाले.'

हे लिहिल्याचं तो विसरून गेला होता. तारखेशिवाय काही लिहायचं नसतं, उस्ताद रागावला असता. त्या दिवशी लिहिलं होतं. तो तिथंच जमिनीवर बसून राहिला आणि त्याला रडू आलं.

मेजरसाहेबांच्या मुलीनं पाणी आणून दिलं. मग म्हणाली, "फोटो काढा हवा तर. पण घर कुणाचं, काम कुणी सांगितलं, ते मी लिहून देणार नाही. बाबा आता बोलायला नाहीत."

बोलायला होते तेव्हा तरी कुठं बोलले होते, हे गुण्याच्या ओठावर आलं. चहा पिऊन झाला होता, म्हणून तो गप्प बसला. खण पुन्हा लावताना थोडा अडकत होता. त्यानं कडेला साबणाची वडी घासून तो नीट करून दिला. अशा माणसाला काय म्हणावं?

घरी येऊन त्यानं फोटो बायकोला दाखवला. तिनं तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि परत दिला.

"हे तुम्ही लिहिलंय," ती म्हणाली. "मला त्या ऑफिसनं लिहिलेलं हवंय."

चार महिन्यांनी रेकॉर्ड ऑफिसच्या चौकशी मंडळापुढे बोलावणं आलं. लांब टेबलामागे तिघं बसले होते. मधल्या अध्यक्षांनी फोटो खालीवर करून पाहिला.

"म्हणजे तुम्ही रजेवर नव्हता, हे आम्हाला मान्य," अध्यक्ष म्हणाले. "पण पलटणीतही नव्हता. मग कुणाच्या हुकमानं बाहेर होता?"

"मेजरसाहेबांच्या."

"लेखी?"

"तोंडी."

"हयात नसलेल्या अधिकाऱ्याबद्दल पुराव्याशिवाय आम्ही काही लिहू शकत नाही. रजा नाही, हुकूम नाही. मग त्या अठ्ठावीस दिवसांपुढे नियमानं एकच शब्द येतो. विनापरवाना गैरहजर." त्यांनी फोटो गुण्याकडे सरकवला. माणूस वाईट नव्हता, आणि तेच जास्त चीड आणणारं होतं. "तुमच्या भल्यासाठी सांगतो, अर्ज मागे घ्या. आहे ती नोंद तुमच्या सोयीची आहे. नाहीतर वर्तणूक 'उत्तम' आहे ती 'समाधानकारक' होईल."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. सतरा वर्षांत ज्यानं एक खाट वाकडी राहू दिली नाही, तो आता वहीत पळपुटा म्हणून राहणार होता. गुण्याला बायको आठवली, तिचं ते 'वाढलंय' आठवलं.

"रजा खोडा," तो म्हणाला. "बाकी काय लिहायचं ते लिहा."

"इथं सही करा."

या वेळी त्यानं कागद वाचून सही केली.

दुरुस्त प्रत आली ती त्यानं पाकीट न फोडता बायकोच्या हातात दिली. तिनं मशीन थांबवलं आणि वरपासून खालपर्यंत वाचलं. चौथ्या पानावर बोट थांबलं.

"पळून गेला होता असं लिहिलंय."

"हो."

"आणि तुम्ही सही केलीत."

"रजा खोडायची होती ना."

तिनं पान मशीनवर ठेवलं. तिचा हात त्याच्या हातावर आला आणि तिथंच राहिला. वर्षभरात असं झालं नव्हतं, त्यामुळे त्याला काय करावं ते कळेना.

"तो फोटो दाखवा."

त्यानं दाखवला. तिनं ओळ ओठातल्या ओठात वाचली.

"तिथून आपलं घर किती लांब होतं?"

"बसनं सहा तास."

"तुमच्यावर पहारा होता?"

"छे. मी एकटाच होतो."

"दाराला कुलूप असेल."

"दारंच नव्हती अजून. मीच बसवत होतो."

तिनं फोटो पानावर ठेवला. मग अगदी हळू म्हणाली, "बाराला तार मिळाली. चौदाच्या सकाळपर्यंत ती बाबा कुठंय विचारत होती. नाहीतरी पळपुटे ठरलातच. मग तेव्हाच का नाही पळालात?"

हुकूम होता, असं त्याला म्हणायचं होतं. पण त्या दोन दिवसांत त्यानं काय केलं होतं, ते त्याला नीट आठवत होतं. कपाटाचे खण बसवले होते, आणि ते काटकोनात आहेत की नाहीत हे दोन-दोनदा तपासलं होतं.

तिनं हात काढून घेतला आणि ती उत्तराची वाट पाहत बसली. रकान्यात त्यानं लिहिलं होतं ते मिळालं होतं. बायको बोलली होती.